वीस नंबरची दुर्बीण

परीक्षा संपत आल्या की बेळगावातल्या लोकांना जंगल आठवतं. मी एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे, त्यामुळे हा मोसम माझ्या अंगावर दोन्ही बाजूंनी येतो. टेबलावर हॉलतिकिटांचे गठ्ठे असतात, खिडकीबाहेरच्या सावलीत पोरं-पोरी शेवटच्या दहा मिनिटांत वर्षभराचा अभ्यास उरकत असतात, आणि खिशातला फोन वाजत राहतो. सुट्टीत दांडेलीला निघालोय, चोर्ल्याला निघालोय, दुर्बीण कुठली घेऊ? मी पाखरं बघत हिंडतो ही बातमी ओळखीपाळखीत सगळीकडे पसरलेली आहे. लोक प्रेमानं विचारतात. मला मात्र प्रश्न ऐकल्याबरोबर राग येतो, आणि तो दरवर्षी येतो.

परवा भरमाण्णाचा फोन आला. भरमाण्णा माझा साडू, निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला आहे. मनानं चांगला माणूस. त्यानं नमस्कार-चमत्कारात वेळ न घालवता सुरुवात केली.

"पाव्हणं, एक दुर्बीण बगून ठिवलोय. दुकानदार म्हंतोय वीस नंबर घ्या, लई लांबचं दिसतंय. तीस बी हाय त्येच्याकडं. तीसच घेऊ न्हवं?"

"घेऊ नका!" मी एवढ्या जोरात ओरडलो की शेजारच्या टेबलावरच्या बाईंचा शिक्का हवेतच थांबला.

"अवो, चिडताय कशाला? न्हाय तर न्हाय."

न्हाय तर न्हाय. भरमाण्णा सहज बोलून गेला, पण त्या एका शब्दानं माझा दिवस नासला. एकाच्या हॉलतिकिटावर मी दुसऱ्याचा फोटो चिकटवला आणि वर त्या मुलांनाच झापलं.

आमचं घर वडगावचं, विणकरांचं. आप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, घरातच चार माग होते. लहानपणी मला मागांच्या आवाजानं कधी जाग आली नाही. वीज जाऊन तो आवाज थांबला की यायची. सगळी गल्ली एकदम गप्प व्हायची आणि आम्ही भावंडं दचकून उठून बसायचो. घरात खळीचा वास असायचा, केसांत कापसाची बारीक कुसं असायची, आणि बोलण्यात सतत नंबर असायचा. सुताला नंबर असतो. नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक, तितकी साडी तलम. साठ बरं. ऐंशी चांगलं. शंभर म्हणजे लग्नात नेसायचं. उलट्या दिशेनं खाली यायला लागलात की वीस म्हणजे जाडंभरडं, आणि आठ-दहा म्हणजे सतरंजी. आप्पांकडे पितळेची एक घडीची डबी होती, तिच्यात भिंग बसवलेलं. ती कापडावर ठेवून ते एका इंचात किती धागे बसतात ते मोजायचे. सुताच्या व्यापाऱ्यानं नंबर खोटा सांगितला तर आप्पांना बोटांनीच कळायचं, तरी ते डबी ठेवून मोजायचे, कारण बोटांचं म्हणणं बाजारात कुणी ऐकत नाही.

हे सगळं माझ्या अंगात इतकं मुरलेलं होतं की पहिली दुर्बीण घ्यायला मी बाजारातल्या एका चष्म्याच्या दुकानात गेलो, तेव्हाही ते माझ्याबरोबर आलं. दुकानदारानं काउंटरवर दोन दुर्बिणी ठेवल्या. एकीवर आठ आणि बेचाळीस असे आकडे होते, दुसरीवर वीस आणि पन्नास.

"आठ नेऊन काय करताय री?" तो म्हणाला. "वीस न्या. त्या टोकाचा बोर्ड वाचून दावा मला."

मी वाचून दाखवला. भर दुपारी बारा वाजता, लख्ख उन्हात, दोन्ही कोपरं काउंटरवर टेकून. मला कानडी अक्षर न् अक्षर दिसलं, बोर्डाच्या कोपऱ्यातला गंजलेला खिळासुद्धा दिसला. आठ नंबरची मी हातातही घेतली नाही. आठ म्हणजे सतरंजी.

आता कुणी विचारलं की मी तावातावानं सांगतो. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ येते. वीस पट जवळ येते ना, मग तुमच्या हाताचा थरकापही वीस पट होतो. छातीतला ठोका दिसतो, गिळलेला आवंढा दिसतो, फक्त पाखरू दिसत नाही. शिवाय दिसणारं गोल इतकं आकसतं की झाडाचं एक पान सापडतं आणि फांदी हरवते. दुसरा आकडा म्हणजे पुढच्या काचेची रुंदी. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की डोळ्यापर्यंत उजेडाचं किती मोठं भोक पोहोचतं ते कळतं. बेचाळीस भागिले आठ, पाचाच्या वर. पन्नास भागिले वीस, अडीच. जंगलात, पहाटे, झाडाच्या सावलीत हा फरक म्हणजे दिसणं आणि न दिसणं एवढा आहे. हे चौथीतल्या मुलाला जमेल असं गणित आहे. मी पदवीधर होतो, मला ते करावंसं वाटलं नाही.

दुकानदारावर मी बरीच वर्षं राग धरला. मग तो राग विरून गेला. त्याला विकायचं होतं आणि मला मोठा आकडा हवा होता, आमची दोघांची गाठ पडली एवढंच.

त्या उन्हाळ्यात परीक्षांचं काम संपल्याबरोबर मी दुर्बीण गळ्यात घालून मामाकडे गेलो. हा मामा सख्खा नव्हे. आप्पांच्या मागांवर पंधरा-सोळा वर्षं काम करून तो कणकुंबीच्या अलीकडच्या आपल्या गावी परतला होता, घरचं भात आणि काजू बघायला. आम्ही भावंडं त्याच्या हाताखाली मागाच्या सुताच्या कांड्या भरत वाढलो, म्हणून तो मामा आणि त्याची बायको मामी. वाटेतलं जांबोटी गाव मागे पडलं की गाडीत वारा थंड व्हायचा. गावात उतरलं की पहिल्यांदा काजूच्या बोंडांचा आंबूस वास यायचा, मग शेणाचा, मग फणसाचा. लाल माती चपलेत शिरायची आणि महिनाभर निघायची नाही. करवंदांनी जीभ जांभळी करून घेणं हा माझा तिथला मुख्य उद्योग असायचा, चाळिशीच्या जवळ आलो तरी. आजही ऑफिसात कुणी करवंदांचा द्रोण आणला की मला त्या घराची मागची बाजू दिसते: गोठा, गोठ्याशेजारी फणस, आणि गोठ्यावर वाकलेला प्रचंड बेहडा.

बेहड्याची एक जाडजूड फांदी वाळली होती आणि ती नेमकी गोठ्यावर होती. पावसात पडली असती तर खाली दोन म्हशी होत्या. फांदी उतरवायला वर चढायची कुणाची हिंमत नव्हती, खोडही आतून पोकळ वाटत होतं, म्हणून मामानं अख्खं झाडच पाडायचं ठरवलं. लाकूडवाला दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. यात मामाचं काही चुकत होतं असं मला तेव्हा वाटलं नाही, आताही वाटत नाही.

मामी मात्र अडून बसली होती.

"आत बाळंतीण हाय," ती म्हणाली. "ढोलीत सोताला कोंडून घेतलीया. दादला चारतोय तिला. पंधरा दिस थांबा म्हंते मी. जांभळं पडू लागली की भाईर येती ती."

तिच्या बोलण्यातलं पाखरू म्हणजे ककणेर. पुस्तकातला धनेश. मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते, चोच बाहेर निघेल एवढीच चीर ठेवते, आणि पिल्लं मोठी होईपर्यंत नर बाहेरून फळं भरवत राहतो. मी हे वाचलेलं होतं. मामीनं वाचलेलं नव्हतं, ती दिवसातून दहा वेळा त्या झाडाखालून शेणाची पाटी घेऊन जात होती. तिनं मला बुंध्याशी नेऊन पांढरी शिट दाखवली, उंबराच्या आणि कसल्या कसल्या बियांचा ढीग दाखवला. मला तेवढ्यावरच कळायला हवं होतं. पण मी मान वर करून दुर्बीण सरसावली, कारण मी बी बघायला आलो नव्हतो.

मामानं दुर्बीण हातात घेऊन उलटीसुलटी केली.

"किती नंबर?"

"वीस."

"आन् दुकानात दुसरी कितीची हुती?"

"आठाची."

"आठाची!" मामा म्हणाला. "सतरंजी!"

आम्ही दोघं पोट धरून हसलो. दोघंही मागावरचे, आम्हाला तो विनोद कळला. मामीनं आयुष्यात माग चालवला नव्हता, ती हसली नाही. त्या हसण्याचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो.

"मग बग आनि सांग," मामा म्हणाला. "हाय म्हनलास तर त्येला फुडं ढकलतो, पावसाच्या आदी कवातरी पाडू. न्हाय म्हनलास तर उद्या करवत लावूया."

एवढं सोपं होतं ते. माझ्या एका शब्दावर ठेवलं होतं.

मी दिवसभर फणसाखाली बसलो. दुर्बीण जड होती, थोड्या वेळात मनगटं भरून आली. मला चष्मा आहे, आणि त्या दुर्बिणीला चष्म्यावरून बघायची सोयच नव्हती, त्यामुळे किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं दिसायचं. चष्मा काढला तर डोळे चोळावेसे वाटायचे. पान, पान, आभाळ, पुन्हा पान. खोड सापडलं की सावलीत सगळं राखाडी, आणि ते राखाडीही थरथरणारं. दोनदा वरून आवाज आला, कुणी जाड घोंगडी झटकावी तसा. दोन्ही वेळा मामी गोठ्याच्या दारातून म्हणाली, "आलं बग, आलं! तितं, वाळक्या फांदीच्या बुडाला! उंबर दिला बग आत!"

आणि मी तिच्यावर खेकसलो. "मामी, गप बस की जरा. हलतंय सगळं."

तिच्या बोलण्यानं हलत असल्यासारखं.

एकदा, फक्त एकदा, ते अवजड डबडं डोळ्यावरून काढून नुसत्या डोळ्यांनी वर बघितलं असतं तर तो नर मला दिसला असता. कोंबड्याच्या दुप्पट पाखरू, पिवळीधमक चोच, काळे-पांढरे पंख. मामीच्या बोटाच्या रेषेत बघायचं होतं. ते मला सुचलं नाही. दुर्बीण असताना डोळ्यांनी कशाला बघायचं?

उन्हं उतरल्यावर मामा आला. "काय रं? हाय का न्हाय?"

खरं उत्तर होतं, मला दिसलं नाही. तीन शब्द. पण वीस नंबरची दुर्बीण गळ्यात असताना, सगळा दिवस बसून, दिसलं नाही असं कसं म्हणायचं? माझा कमीपणा होता त्यात. मी म्हणालो, "न्हाय."

दिसलं नाही आणि नाही, या दोन्हींत केवढं अंतर आहे हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं सांगून मी सुटू शकत नाही.

"अरं, मी बगितलंय की!" मामी म्हणाली. "दोनदा आलं की आत्ता!"

"तू डोळ्यानं बगितलीस," मामा म्हणाला. "त्येनं दुर्बिणीनं बगितलंय."

सकाळी झाड पडलं. वाळक्या फांदीच्या बुडाशी खोड फुटलं आणि लिंपलेली माती, बिया, पिसं असं सगळं बाहेर सांडलं. त्यात ती होती. आत असताना मादीची पंखांची आणि शेपटीची पिसं गळतात, त्यामुळे तिला उडता येत नव्हतं. ती बोडके पंख टेकून उभी राहायला बघत होती. शेजारी एक पिल्लू होतं, अजून अंगावर पीसही न आलेलं. मामी धावत आली. तिनं बुट्टीत साडीची घडी घातली, आमच्याच मागावरची जुनी साडी होती ती, आणि दोघांना उचलून सावलीत नेलं. दुपारपर्यंत दोन्ही गेली.

लाकूडवाला वाईट तोंड करून उभा होता. मामा त्याला म्हणाला, "दुर्बिणीनं बगितलं हुतं की." मला टोचायला नव्हे, मला वाचवायला म्हणाला तो. गाडीची वेळ झाली तेव्हा मामीनं भाकरी आणि काजूची उसळ बांधून दिली. ती चार शिव्या देती तर मी आजवर तिचा उपकार मानला असता.

ती दुर्बीण मी पुढे वापरली नाही, विकलीही नाही. विकली असती तर आणखी कुणीतरी तिच्यातून बघून 'न्हाय' म्हणाला असता. कपाटात आप्पांच्या भिंगाच्या डबीशेजारी ती पडून आहे.

माझा राग कुणावर आहे हे मी इतक्या वर्षांत पुष्कळदा तपासलं. मोठ्या आकड्याला भुलणाऱ्या सगळ्यांवर आहे, त्यात भरमाण्णा आला. जंगलात जाऊन जंगलाकडे न बघता हातातल्या यंत्राकडे बघणाऱ्यांवर आहे. बाईनं पाहिलेलं आणि बाप्यानं यंत्रानं न पाहिलेलं यांत दुसऱ्यावर विश्वास ठेवण्याच्या आमच्या खोडीवर आहे. पण यादी कुठूनही सुरू केली तरी शेवटी फणसाखाली बसलेल्या चष्मेवाल्या माणसापाशीच येते. त्याला एक थोबाडीत द्यावीशी वाटते.

भरमाण्णानं संध्याकाळी पुन्हा फोन केला. तोवर मी जरा निवळलो होतो.

"आठाची घ्या," मी म्हणालो. "आठ आणि बेचाळीस. चष्मा आहे ना तुम्हाला? मग डोळ्याजवळचे रबराचे गोल खाली फिरतात का बघा, आणि चष्म्यासकट पूर्ण गोल दिसतो का बघा. उजव्या डोळ्याचं वेगळं जुळवायची एक कडी असते, ती दुकानदाराला दाखवायला लावा. वजन कळायला ती गळ्यात घालून अर्धा तास हिंडा. पाण्यानं आत धुकं धरणार नाही अशी घ्या, आपल्याकडचा पाऊस ठाऊक आहे. आणि बोर्ड वाचायचा नाही! दुकानाबाहेर या, संध्याकाळी या, उभ्यानं, कोपर न टेकता, एखाद्या दाट झाडाच्या आत सावलीत बघा. तिथं चिमणी सापडली तर घ्या."

"आठ म्हंजे लईच कमी हुतंय की हो. घरात हसत्यात."

"हसू द्या," मी म्हणालो, आणि माझा आवाज पुन्हा चढला. "आणि आधी नुसत्या डोळ्यांनी बघायचं, भरमाण्णा. आधी डोळ्यांनी."

"बरं, बरं, तसंच करतो," तो म्हणाला. बहुतेक त्यानं फोन ठेवल्यावर बायकोला सांगितलं असेल की पाव्हण्यांचं काही खरं नाही.

गेल्या रविवारी मी मामाकडे गेलो. गळ्यात आठ नंबरची होती, आता बरीच वर्षं तीच आहे. बेहड्याच्या जागी मामीनं तोंडली चढवली आहे. मामाची कंबर वाकली आहे. मामीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, पाऊस सरल्यावर ऑपरेशन करायचं म्हणतात. चहाची बशी ती चाचपून घेते. मी शेजारी बसलो होतो तेव्हा, काही विचारलेलं नसताना, ती म्हणाली, "त्यो दादला आठ दिस येत हुता रं. चोचीत उंबर घिऊन. फांदी हुडकायचा." इतक्या वर्षांनी. मी बशी धुवायला उठलो.

शेताच्या टोकाला ओढ्यावर किंजळाचं एक झाड आहे, विजेच्या तारेकडे कललेलं. मी सकाळीच तिथं जाऊन आलो होतो. आधी डोळ्यांनी बघितलं, मग दुर्बिणीनं. खोडात वर लिंपलेली ढोली होती, आणि चिरेतून चोचीचं टोक दोनदा बाहेर आलेलं मी बघितलं होतं, अगदी स्वच्छ, हात न थरथरता. दुपारी तारेचं काम करणारा माणूस आला. झाड तारेवर येतंय, एकदाचं काढून टाकूया का, असं त्यानं मामाला विचारलं. मी जागेवरून अर्धा उठलोसुद्धा. उत्तर माझ्या ओठांवर होतं.

मामानं घराकडे तोंड करून हाक मारली. मामी दाराची चौकट धरत बाहेर आली.

"ओढ्यावरच्या किंजळात हाय काय गं?"

मामीनं ओढ्याकडे तोंड केलं. डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. बऱ्याच वेळानं लांबून घोंगडी झटकल्यासारखा आवाज आला आणि थांबला.

"मला दिसंना," मामी म्हणाली. "पर हाय."

"जांभळं पडू देत," मामा त्या माणसाला म्हणाला. "मग या."

माझ्या गळ्यात आठ नंबरची दुर्बीण होती. मला कुणी विचारलं नाही.